सर्वधर्म प्रार्थनेच्या पुढे काय? सीमाभागातल्या शाळांसाठी आंतरधर्मीय शिक्षणाचा आराखडा

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्या भागातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागातल्या शाळांत सर्वधर्मसमभाव म्हटलं की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. सकाळी एक प्रार्थना, २६ जानेवारीला चार मुलं चार वेशांत स्टेजवर, आणि भिंतीवर धर्मचिन्हांचं एक चित्र. यात वाईट काही नाही, पण शिक्षणही फारसं नाही. दहावीपर्यंत हे सगळं बघितलेल्या मुलाला नमाज कुठल्या भाषेत असते, दिगंबर बस्तीतल्या (जैन मंदिरातल्या) मूर्तीला वस्त्र का नसतं, लिंगायत घरात मयताला पुरतात की दहन करतात, हे ठाऊक नसतं. आणि ते समोरच्याला न दुखवता विचारायचं कसं, हे तर कुणी शिकवलेलंच नसतं. ग्रामपंचायतीच्या सभेत बसणाऱ्या माणसाला नेमकं तेच लागतं.

सीमाभागाची एक खास अडचण आहे. आपल्याकडे माध्यम हीच धर्माची चाळण होते. एकाच आवारात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तीन शाळा असतात, पण उर्दू माध्यमात बहुतेक मुलं मुस्लीम, आणि मराठी वर्गात मुस्लीम मूल एखाद-दुसरं. एका वर्गात बसून आंतरधर्मीय संवाद होणारच नाही, कारण समोर दुसरा धर्मच नाही. म्हणून सुरुवात माध्यमं एकत्र आणण्यापासून करावी लागते.

आठवी-नववीसाठी आराखडा मांडतो. तिन्ही माध्यमांची प्रत्येकी १२ मुलं, एकूण ३६. सहाजणांचे सहा गट, प्रत्येक गटात तिन्ही माध्यमांची दोन-दोन. वर्षभरात आठ भेटी, प्रत्येक भेटीला दोन तासिका जोडून ८० मिनिटं. दोन शिक्षक हवेत, त्यांतल्या एकाला तरी मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने यावं.

पहिल्या भेटीत धर्माचं नावही काढायचं नाही. बोलण्याचे नियम मुलांनी करायचे. प्रत्येक गट तीन नियम लिहितो, १८ नियम फळ्यावर येतात, त्यांतून सात ठेवायचे. नुसतं मतदान घेतलं की मोठ्या आवाजाची मुलं जिंकतात. म्हणून अट अशी, की एखाद्या नियमाला एकाही गटाची हरकत असेल तर तो परत चर्चेला जातो. 'गप्प राहायचा हक्क' हा नियम मुलांना सहसा सुचत नाही. तो शिक्षकाने सुचवावा, पण लादू नये.

दुसऱ्या भेटीला प्रत्येकाने घरातलं जुनं कॅलेंडर आणायचं. पूजेची वस्तू नको. कॅलेंडर सगळ्यांच्या घरी असतं आणि त्याचा विटाळ कुणाला होत नाही. मोठ्या ड्रॉइंग शीटवर बारा महिने आखून प्रत्येक घरातले सण, उपास, न खाण्याचे दिवस भरायचे. मग गणिताचे सर लागतात. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं, फरक ११ दिवसांचा. हिजरी कॅलेंडर तो फरक तसाच राहू देतं, म्हणून रमजान दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपलं पंचांग साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून हिशेब जुळवतं, म्हणून दिवाळी पावसाळ्यात जात नाही. एकाच चंद्राचे दोन हिशेब आहेत हे मुलांना आकड्यांतून कळतं, त्यासाठी वेगळं भाषण करावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत प्रश्नपेटी, पाचव्या-सहाव्यात स्थळभेट आणि तिचा अभ्यास, सातव्यात एक खरा निर्णय, आठव्यात तो निर्णय एसडीएमसीपुढे, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीपुढे मांडणं. निर्णय म्हणजे उदाहरणार्थ चाचणी परीक्षेच्या तारखा. तो कॅलेंडरचा कागद घेऊन मुलांनीच सुचवायचं, की कुठल्या आठवड्यात चाचणी ठेवली तर कुणाच्या उपासात किंवा जत्रेत येणार नाही. सगळे दिवस टाळता येत नाहीत हे लगेच लक्षात येतं. मग कुणाचा दिवस का सोडला, हे कारणासकट सांगावं लागतं. माझ्या मते या सगळ्यातलं मोलाचं शिक्षण ते आहे. बाकीच्या भेटींवर जाणकारांनी लिहावं.

---

राकसकोप

आराखडा चांगला आहे. पण पहिला प्रश्न मुख्याध्यापक विचारणार, 'कायद्यात बसतंय का?' म्हणून तेवढं आधी नीट लिहून ठेवतो.

राज्यघटनेचं कलम २८(१): पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कलम २८(३): मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर कुणालाही त्यात किंवा तिथल्या उपासनेत संमतीशिवाय सहभागी व्हायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची.

इथं 'धार्मिक शिक्षण' म्हणजे एखाद्या धर्माची दीक्षा, त्याचे आचार शिकवणं. धर्मांविषयीचा अभ्यास वेगळा. डीएव्ही कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या १९७१ च्या निकालात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा विद्यापीठात अभ्यास करणं हे धार्मिक शिक्षण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयीची माहिती शिकवायला कलम २८ आड येत नाही, हीच भूमिका राहिली. त्याच्या कितीतरी आधी, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हा भेद स्पष्ट केला होता.

रोजच्या कामासाठी याची साधी कसोटी आहे. मुलाला काही म्हणायला, हात जोडायला, टिळा लावायला, टोपी घालायला सांगितलं की आपण अभ्यास सोडून आचरणात गेलो. 'बघा, ऐका, विचारा, लिहा' एवढ्यात राहिलात तर अभ्यास. त्यामुळे सकाळची सर्वधर्म प्रार्थना कायद्याच्या दृष्टीने या उपक्रमापेक्षा जास्त नाजूक आहे, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

---

घटप्रभा_वारा

राकसकोप सर, त्यात कलम ५१ क पण घाला की. मूलभूत कर्तव्यांत धार्मिक, भाषिक, प्रादेशिक भेदांपलीकडे जाऊन सलोखा वाढवायचं सांगितलंय. धर्म आणि भाषा एकाच वाक्यात आहेत. आपल्या भागाला ते वाक्य जितकं लागू पडतं तितकं दुसऱ्या कुणाला नसेल.

---

वेदगंगा

प्रश्नपेटीबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.

चपलांचं रिकामं खोकं चालतं. प्रत्येक मुलाला पोस्टकार्डाएवढे दोन कागद, नाव लिहायचं नाही, भाषा कुठलीही. ३६ मुलांचे ७२ कागद येतात. ते त्याच दिवशी वर्गात उघडू नयेत. शिक्षकांनी घरी नेऊन तीन ढीग करायचे. पहिला ढीग माहितीचा: 'नमाज उर्दूत असते का?' (नाही, अरबीत असते. उर्दू ही भाषा आहे, धर्म नव्हे, हे मराठी मुलांना इथेच कळतं.) दुसरा अर्थाचा: 'इष्टलिंग (लिंगायतांचं छोटं लिंग) अंगावरच का बाळगतात?' तिसरा ढीग आरोपाचा: 'तुम्ही लोक दगडाला देव का म्हणता?', 'तुमच्यात बायकांना बाहेर का पडू देत नाहीत?'

आरोपाचे कागद फेकून देण्याची चूक करू नका. मुलांच्या घरात, गल्लीत, मोबाइलवर तेच चालू असतं. कागद फेकलात तर प्रश्न मनातच राहतो. तो फिरवून लिहायला मुलांनाच शिकवायचं. 'तुम्ही लोक' काढून टाका. 'का नाही' ऐवजी 'काय' किंवा 'कसं' आणा. 'दगडाला देव का म्हणता' याचं 'मूर्तीपुढे हात जोडताना मनात काय असतं?' असं होतं. एका प्रश्नाला मुलं दहा मिनिटं घेतात. घेऊ द्या. चौथी भेट त्यासाठीच आहे.

दुसरी चूक याहून गंभीर. वर्गातल्या एकुलत्या मुस्लीम किंवा ख्रिश्चन मुलाकडे वळून 'तुमच्यात काय करतात सांग बाळ' असं म्हणायचं. त्या क्षणी ते मूल विद्यार्थी राहत नाही, अख्ख्या धर्माचं वकील होतं. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन यांची तीन पातळ्यांची मांडणी इथे कामाला येते: धर्म, त्यातला गट, आणि व्यक्ती. प्रत्येक धर्मासाठी तीन वेगवेगळ्या माणसांची कार्डं तयार करा. काल्पनिक असू देत, पण खरी वाटली पाहिजेत. एक मुस्लीम बाई दर्ग्यावर चादर चढवणारी, एक दर्ग्याला जाणं चुकीचं मानणारी, एक फक्त रमजान पाळणारी. मुलं कार्डांबद्दल बोलतात, आणि ज्याला वाटेल तो आपणहून 'आमच्या घरी असं' म्हणतो.

मोहरमच्या बाबतीत तर हे हवंच. आपल्याकडे कितीतरी गावांत पंजे बसवतात, हिंदू घरं नवस फेडतात, आगीचा खड्डा असतो. पुस्तकी भाषणात त्याला 'ऐक्याचं प्रतीक' म्हणून मोकळं होतात. पण काही मुस्लीम कुटुंबांना ही प्रथा मान्य नसते, आणि शिया परंपरेत तो शोकाचा काळ आहे. हे तिन्ही सांगितलं तर मुलाला कळतं, की एका धर्माच्या आतही मतभेद असतात आणि तरी माणसं शेजारी नांदतात.

---

कणबर्गी_कट्टा

वेदगंगाताई, फार उपयोगी. 'लिंगायत हिंदूच ना?' असा कागद आला तर काय करायचं? आमच्या बाजूला हा हमखास येणार. आणि जैन मुलांनाही असंच विचारतात.

---

वेदगंगा

हा प्रश्न शिक्षकाने स्वतः निकालात काढू नये. माहिती द्यावी. वेगळ्या धर्माची मागणी आहे, २०१८ साली कर्नाटक सरकारने तशी शिफारस केंद्राकडे पाठवली होती, केंद्राने ती मान्य केली नाही, आणि समाजातच दोन्ही मतं आहेत. मग नियम असा, की स्वतःला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं आणि बाकीच्यांनी तो शब्द वापरावा. जैन धर्माला २०१४ पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा आहे, तेवढं सांगितलं की पुरे.

---

खानापूरची_पायवाट

स्थळभेटीसाठी बेळगावचा किल्ला याहून चांगली जागा नाही. दारातच गणपती आणि दुर्गेची देवळं, आत कमल बस्ती आणि सफा मशीद. सगळं चालत होतं, बसभाडं एकाच ठिकाणचं.

आधीची कामं: किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे असल्यामुळे लेखी परवानगी आणि मुलांची यादी लागते. पंधरा दिवस हातात ठेवा. शुक्रवार नको, जुम्म्याची गर्दी असते. बस्तीत आणि मशिदीत आधी स्वतः जाऊन तिथल्या व्यवस्थापकांना सांगा, की मुलं बघायला आणि प्रश्न विचारायला येतायत, पूजेला नाही. डोक्यावर रुमाल, पायांत सहज निघणारी चप्पल. चामड्याचे पट्टे आणि पाकिटं बसमध्येच ठेवायला सांगा. आत जायचं नसेल त्याने बाहेर थांबावं आणि कुणी कारण विचारू नये. मुलींच्या बाबतीत हे फार जपायला हवं. प्रसाद घेणं न घेणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. 'नको' कसं म्हणायचं त्याची उजळणी शाळेतच करून घ्या: हात छातीशी, 'आभारी आहे, मी घेत नाही.' एवढंच.

कमल बस्ती १२०४ ची. रट्ट घराण्यातला राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. मुलांना सभामंडपाच्या मधोमध उभं करून वर बघायला लावा. छतातून एक दगडी कमळ खाली उमललेलं आहे, ७२ पाकळ्यांचं. मागच्या, आताच्या आणि पुढच्या काळातले २४-२४ तीर्थंकर, म्हणून ७२. आकडा आधी सांगू नका. मोजू देत. मोजताना माना दुखतात, चुकतात, परत मोजतात, आणि मग 'बहात्तरच का?' हा प्रश्न आपोआप येतो.

सफा मशिदीत तयारी जास्त हवी. तिथल्या दोन खांबांवर जुने शिलालेख आहेत, भाषा कन्नड, लिपी नागरी. एक ११९९ चा, त्याच कार्तवीर्याच्या काळातला. दुसरा यादव राजा कृष्ण याच्या काळातला. मराठी मुलाला अक्षरं ओळखीची वाटतात पण अर्थ लागत नाही, कन्नड मुलाला शब्द वाचून दाखवले तर थोडा अर्थ लागतो. दोघं एकमेकांशिवाय ती ओळ वाचू शकत नाहीत. सीमाभागातल्या शाळेसाठी याहून चांगला धडा कुठला?

पण लगेच पुढचा प्रश्न येतो, 'म्हणजे इथे आधी काय होतं? कुणी पाडलं?' तो टाळायचा नाही. वहीत तीन रकाने आखून घ्या: डोळ्यांनी काय दिसतं, त्यावरून काय अंदाज बांधता येतो, आणि हे कळायला अजून कुठला पुरावा लागेल. खांब मशिदीपेक्षा जुने आहेत, हे पहिल्या रकान्यात. ते कुठून, कसे आले, हे दुसऱ्यात. शिक्षकाने घाबरून 'असं विचारू नये' म्हटलं तर मुलं उत्तर मोबाइलवर शोधतात, आणि तिथे काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. उलट शिक्षकच आवेशात आला तर उर्दू शाळेची बारा मुलं तिथेच गप्प होतात आणि पुढच्या भेटीला येत नाहीत.

खानापूर तालुक्यातल्या शाळांना हलशी जवळ पडेल. कदंब राजांच्या हलशीच्या ताम्रपटांत जैन मुनिसंघांना दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत, त्यात त्यांच्यातल्या मृगेशवर्म्याने बांधलेल्या जिनालयाचा (जैन मंदिराचा) उल्लेख आहे. गावात भूवराह नरसिंहाचं मोठं देऊळ आणि जैन बस्ती दोन्ही आहेत. राजसत्तेने आपल्या पंथाबाहेर दान देणं ही जुनी गोष्ट आहे, हे मुलांना गावातच दाखवता येतं.

---

निपाणी_नाका

लई चांगलं लिहिलंय पायवाटवाल्यांनी. एकच भर. स्थळभेटीचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. मशिदीत उभं असलेलं मराठी शाळेतलं पोरगं, एवढा एक फोटो चुकीच्या ग्रुपवर गेला की संध्याकाळी पालक शाळेच्या दारात. फोटो फक्त वास्तूचे, मुलांचे नकोत, हे संमतीपत्रातच लिहून टाका. आणि वेळ सांभाळा. ऑक्टोबर अखेर ते १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि त्याच दिवशी मराठी भाषकांचा काळा दिन, त्यात काही ठेवू नका. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हाही रस्ते आणि मनं दोन्ही तापलेली असतात. जुलै-ऑगस्ट आणि जानेवारीचा शेवट बरा.

---

तीन_माध्यमं

सहाव्या भेटीत स्थळभेटीच्या अभ्यासासोबत राज्यघटनेची उद्देशिका घ्या. कर्नाटकात शाळांतून ती वाचली जातेच, त्यामुळे नवीन परवानगी लागत नाही. तिन्ही भाषांतल्या प्रती शेजारी ठेवायच्या आणि एकच शब्द शोधायचा. मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. कन्नडमध्ये रूढ शब्द 'जात्यतीत'. उर्दूत 'ग़ैरमज़हबी' असाही शब्द वापरतात. एक शब्द धर्माची अपेक्षा न ठेवणारा, दुसरा जातीच्या पलीकडचा, तिसरा मजहबाशी संबंध नसलेला. राज्य एकच, घटना एकच, पण तीन माध्यमांतली मुलं तीन वेगळ्या कल्पना घेऊन मोठी होतायत. प्रत्येक गटाने ठरवायचं, की सरकारी शाळेने काय करावं आणि काय करू नये हे या तिन्हींपैकी कुठला शब्द नीट सांगतो. एकमत होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले, हेही सांगा. कुणीतरी विचारतंच, 'मग त्याआधी काय होतं?' तेव्हा 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' ही पहिल्यापासूनची ओळ दाखवा.

पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांसाठी आणखी एक साहित्य आहे. कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजांतल्या हिजाबच्या प्रश्नावर १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले, हेमंत गुप्ता यांनी एक आणि सुधांशू धुलिया यांनी दुसरा. दोन्हींमधली दोन-दोन पानं मराठी-कन्नड करून द्यायची. अर्ध्या वर्गाने आधी एका बाजूचे युक्तिवाद मांडायचे, मग बाजू बदलायची. बाजू बदलल्याशिवाय तास संपवू नका. स्वतःचं मत शेवटी, तेही सांगायचं असेल तरच. आठवी-नववीत मात्र हा विषय घेऊ नये.

---

कणबर्गी_कट्टा

खाण्याचं काय? काही ठिकाणी शेवटच्या दिवशी 'सगळ्या धर्मांचे पदार्थ' ठेवायची टूम निघते.

---

घटप्रभा_वारा

ते टाळाच हो. जैन मुलं कांदा-बटाटा, सूर्यास्तानंतरचं खाणं टाळतात, कुणाचा श्रावण, कुणाचा रोजा, कुणाला मटणाचा वासही चालत नाही. एक ताट सगळ्यांना पुरत नाही.

त्यापेक्षा शाळेत रोज घडतं ते घ्या. अक्षर दासोहमध्ये (शाळेतल्या दुपारच्या जेवणात) अंडं की केळं असा पर्याय असतोच. तो कसा विचारला जातो ते मुलांनाच तपासायला द्या. सगळ्यांपुढे 'अंडं खाणारे हात वर करा' म्हटलं की मुलाच्या घरची जात-धर्म वर्गासमोर येते. चिठ्ठीवर लिहून घेतलं तर येत नाही. अंडेवाल्यांची पंगत वेगळी बसवली तर ती शिवाशिव झाली. एकाच ओळीत, ज्याच्या ताटात त्याचं, हे जमतं. फक्त वाढणाऱ्याच्या हातात यादी हवी. सातव्या भेटीतल्या निर्णयाला चाचणीच्या तारखांबरोबर हाही विषय चालेल.

---

राकसकोप

मार्कंडेय, हे एका शाळेपुरतं न ठेवता तालुक्यात न्यायचं असेल तर साहित्य कोण मंजूर करणार, हे आधी ठरवा. नाहीतर एका समाजाच्या चार प्रतिष्ठितांची समिती होते आणि बाकीचे पाहुणे. इंग्लंडमध्ये धर्मविषयक अभ्यासक्रम प्रत्येक भागात स्थानिक परिषद ठरवते. तिच्यात चार गट असतात: चर्च ऑफ इंग्लंड, इतर ख्रिस्ती पंथ व इतर धर्म, शिक्षक संघटना, स्थानिक प्रशासन. गट लहान असो की मोठा, प्रत्येकाला एकच मत, आणि चारही गट राजी झाल्याशिवाय अभ्यासक्रम ठरत नाही. पाच वर्षांनी फेरविचार सक्तीचा. रचना त्यांच्या इतिहासातून आलेली आहे, तशीच्या तशी उचलता येणार नाही. पण 'गटाला एक मत' हे तत्त्व घ्या. आपल्याकडे गट धर्मावर न पाडता पालक, शिक्षक, तिन्ही माध्यमांचे मुख्याध्यापक आणि विद्यार्थी असे पाडावेत. एसडीएमसीत पालक बहुसंख्य असतात आणि स्त्रिया असतात, त्यामुळे पालकांचा गट आयता मिळतो.

---

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या सूचना घेऊन संमतीपत्राचा मसुदा करतोय. एका कागदावर, वर मराठी, खाली कन्नड, उर्दू शाळेसाठी मागे उर्दू:

'आपल्या पाल्याच्या वर्गासाठी धर्मांविषयीच्या अभ्यासाच्या आठ भेटी ठेवल्या आहेत. यात कोणतीही पूजा, प्रार्थना किंवा धार्मिक आचरण करून घेतले जाणार नाही. कोणत्याही भेटीत सहभागी न होण्याची मुभा आहे, त्याचे कारण विचारले जाणार नाही आणि गुणांवर परिणाम होणार नाही. त्या वेळी पाल्यासाठी वाचनाचा तास असेल. मुलांची छायाचित्रे काढली जाणार नाहीत. सर्व साहित्य शाळेत पाहण्यासाठी उपलब्ध आहे. संमती आहे / नाही.'

'नाही' समोरची चौकट 'आहे' एवढीच मोठी ठेवली आहे. कन्नड भाषांतर कुणी तपासून देईल का? 'धार्मिक आचरण' ला कन्नडमध्ये सरळ 'धार्मिक आचरणे' चालेल, की गावातल्या पालकांना समजेल असा साधा शब्द आहे?

---

तीन_माध्यमं

'आचरणे' चालेल, कन्नडमध्ये तोच शब्द रुळलेला आहे. पण त्यापुढे कंसात 'पूजे, नमाजु, प्रार्थने' असं लिहा, म्हणजे शंका उरणार नाही. आणि 'संमती' शेजारी 'ओप्पिगे' घाला. सही न येणाऱ्या पालकांसाठी अंगठ्याची जागा ठेवा, आणि पत्र वाचून दाखवणाऱ्याचं नाव लिहायची एक ओळ.

---

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)

वाचून दाखवणाऱ्याची ओळ राहूनच गेली होती. घालतो. सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो.